मोटारीचे इरले

संसारी मनुष्यावर कोणत्या वेळी कोणती वस्तू पारखण्याची पाळी येईल याचा नेम नसतो. आम्ही आजवर मुलांसाठी शाळा पारखल्या, राहण्यासाठी बिऱ्हाडे पारखली, आंबे तर बाजारात उभे राहून असंख्य वेळा पारखले. परंतु मोटारीसाठी अंगरखा पारखण्याचा प्रसंग आमच्यावर यंदाच्या वैशाखात प्रथमच आला. मोटार आमची नव्हे, आमच्या वडिलांची. ती आंजर्ल्याच्या घरी असते आणि वडीलही तेथेच असतात. त्यांस आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. मोटारीनेही पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. दोघांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम, आणि दोघांचाही स्वभाव असा की पहिल्या हाकेला ओ देतील, पण हाक नीट मारली पाहिजे.

१९९९ साली अण्णा शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून त्यांनी ही पांढरी मारुती ८०० घेतली. या जातीची पहिली मोटार १९८३ च्या डिसेंबरात लोकांच्या हाती पडली आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनविणे थांबले. म्हणजे आता तिच्या कुळात नवा जन्म नाही; आहेत त्यांनीच दिवस काढावयाचे. त्या काळी आंजर्ल्याच्या खाडीवर आजचा पूल नव्हता. हर्णैकडून येणारा मनुष्य होडीने खाडी ओलांडी, मोटारीला मात्र मुर्डीवरून वळसा पडे. रात्री-अपरात्री कोणाला दापोलीस दवाखान्यात न्यावयाचे झाले की पाखाडीने विजेरीचा झोत हलत येई आणि ओटीवर हाक ऐकू येई, "मास्तर, गाडी काढता का?" अण्णा सदऱ्याच्या गुंड्या लावीत बाहेर पडत. गावातील दोन मुले या गाडीत जन्मतीच, परंतु अण्णांनी त्यांना वेळेवर दापोलीस पोहोचविले, असे अजून सांगतात. आमची आईही २०१६ च्या श्रावणात याच मोटारीतून दवाखान्यात गेली. ती परत आली नाही. ही हकीकत अण्णा कधी सांगत नाहीत.

मोटारीसाठी परसात पत्र्याचे एक छप्पर होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि शेजारच्या दापोली तालुक्यातील आगरांची त्याने धूळधाण केली. पन्नास-पन्नास वर्षांचे माड मुळासकट आडवे झाले, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, कौले उडाली आणि कित्येक दिवस गावात विजेचा दिवा लागला नाही. आमच्या छपराचे पत्रे शेजाऱ्यांच्या आगरात सापडले. मोटार मात्र वाचली. कारण अण्णांनी आदल्या दिवशीच ती घराच्या जांभ्याच्या भिंतीच्या आडोशाला नेऊन लावली होती. छप्पर पुन्हा उभारावयाचे राहून गेले. पुढले पावसाळे शेजाऱ्यांनी आपल्या मोठ्या पडवीत मोटारीस आसरा दिला. यंदा त्यांच्या मुलाने स्वतःची गाडी घेतली आणि आमची मोटार बेघर झाली. पावसाळा महिन्यावर आला होता. तेव्हा चार महिने तिला उघड्यावर ठेवावयाचे, तर अंगावर काय घालावे, हा प्रश्न आमच्यापुढे पडला.

हे झाले उघड कारण. दुसरे कारण आम्ही त्या वेळी कोणापाशी बोललो नाही. वाचकांपाशी मात्र लपवीत नाही. चैत्रात एके दिवशी तिन्हीसांजा अण्णा दापोलीहून परत येत असता वळणावर मोटार गडग्याला घासली. गडग्याच्या पलीकडच्या अंगाला सायकलवर एक शाळकरी पोर होते. कोणाला काही इजा झाली नाही. दाराला एक लांब ओरखडा पडला, एवढेच. परंतु ही बातमी पुण्यास पोहोचली तेव्हा आमची झोप उडाली. मुंबईची बहीण आणि आम्ही फोनवर तासभर बोललो आणि असे ठरले की, अण्णांनी यापुढे मोटार चालवू नये. त्यांचा परवानाही आषाढात संपणार होता. आता हे त्यांस सांगावे कोणी? ज्यांनी आम्हांस सायकल शिकविली, खाडीत पोहावयास शिकविले आणि मोटारही शिकविली, त्यांस "आता तुमच्याने होत नाही" हे वाक्य म्हणावयाचे, या कल्पनेनेच दोघांच्याही तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बहिणीने युक्ती काढली. पावसाळ्याचे निमित्त करून मोटार झाकून ठेवावी, बॅटरी काढून पुण्यास न्यावी. दसऱ्यापर्यंत सवय मोडेल आणि प्रश्न आपोआप सुटेल. युक्ती आम्हांस पसंत पडली. भित्र्या माणसाला युक्ती नेहमीच लवकर पसंत पडते.

याप्रमाणे मनात एक आणि ओठांत एक घेऊन आम्ही वैशाखात आंजर्ल्यास गेलो आणि आच्छादनाच्या संशोधनास लागलो.

प्रथम दापोलीच्या बाजारात गेलो. अण्णा बरोबर होते. दुकानदाराने निळ्या प्लास्टिकची ताडपत्री समोर पसरली. हिच्या नावात ताडाचे पान आहे, अंगात मात्र त्याचा लवलेश नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, आत थेंब जाणार नाही. लिहून देतो." आम्ही पैसे काढणार तोच अण्णा म्हणाले, "थेंब आत जाणार नाही हे ठीक. पण आतला बाहेर कसा जायचा?" दुकानदार हसला. आत थेंब नसताना बाहेर कोठून जाणार, असे त्यास वाटले. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही तसेच वाटले.

घरी आल्यावर अण्णांनी आम्हांस जुन्या विद्यार्थ्याप्रमाणे समोर बसविले. कोकणातल्या पावसाळ्यात पाणी केवळ आभाळातून येत नाही. ते जमिनीतूनही येते. ओल धरलेली भुई वाफ सोडीत असते. ती वाफ प्लास्टिकच्या खाली कोंडते. रात्री वरचे कापड निवले की आतल्या अंगाला तिचे दव होते आणि तेच थेंब मोटारीवर ठिबकत राहतात. म्हणजे ज्या आच्छादनातून पावसाचा एक थेंब आत येत नाही, त्याच्याच आत रोज रात्री बारीकसा पाऊस पडतो. दोन महिन्यांनी दार उघडावे तो गाद्यांवर पांढरी बुरशी आणि पत्र्यावर तांबेरा. शिवाय प्लास्टिक वाऱ्याने फडफडते. त्याच्याखाली अडकलेली धूळ आणि वाळू रंगावर घासली जाते, ती कानशीप्रमाणे काम करते.

बरे, सुती कापडाची खोळ घ्यावी, तर ती श्वास घेते खरी, परंतु पाणीही पिते. घरातल्या घरात धूळ लागू नये म्हणून ती उत्तम. उघड्यावर पहिल्याच सरीत ओलीचिंब होऊन मोटारीच्या अंगाला पोटीस बांधल्याप्रमाणे चिकटून बसेल.

या पेचात असता आमच्या भाच्याची आठवण झाली. तो कॅनडात टोरांटोजवळ राहतो. तेथील लोक हौसेच्या मोटारी हिवाळाभर झाकून ठेवतात, हे त्याच्याकडून आम्ही ऐकले होते. कारणही मोठे मौजेचे आहे. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून तेथे सरकारी गाड्या रस्त्यावर मीठ टाकीत फिरतात, आणि ते मीठ मोटारींचे पोट खाऊन टाकते. आम्ही म्हटले, तेथे मिठासाठी सरकारास खर्च करावा लागतो. आमच्या आंजर्ल्यास समुद्र ते फुकट घरपोच करतो. भाच्याने फोनवरून तीन कसोट्या सांगितल्या. कापडाने पाणी अडवावे पण वाफ सोडावी. खोळ मोटारीच्या मापाची असावी, म्हणजे वाऱ्यात फडफडणार नाही. आणि तिचा आतला पदर मऊ असावा. शेवटी तो म्हणाला, "पण मामा, माझ्या सल्ल्यावर फार विसंबू नका. आमचा हिवाळा गोठलेला असतो, तुमचा पावसाळा उकडलेला. गारठ्यात गंजसुद्धा झोपी जातो; तुमच्याकडे तो जागा राहणार."

पाणी अडवावे आणि वाफ सोडावी, ही मागणी ऐकावयास विरोधाभासासारखी वाटते, आणि मनुष्यास ती पुरविण्यास वेळही फार लागला. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पावसाळी डगल्याचे कापड काढले. पाऊस आत येईना हे खरे, परंतु घालणारा आतून घामाने भिजू लागला. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉन झटक्याने ताणले असता त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात असे आढळले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबास फार लहान आणि वाफेच्या कणास पुष्कळ मोठी. थेंब दारात अडतो, वाफ निघून जाते. मोटारींच्या खोळींत हे भारी कापड क्वचितच असते. परंतु त्याच तत्त्वावर, न विणता नुसते दाबून केलेल्या कृत्रिम धाग्यांचे तीन-चार पदर एकावर एक घालून त्या बनवितात. अशी एक खोळ अखेर आम्ही पुण्याहून मागविली. तिलाही माप जुळेना, कारण आजकालच्या मोटारी अंगाने भरल्या आहेत आणि आमची जेमतेम ३.३ मीटर लांबीची. नव्या मापाची खोळ हिला म्हणजे थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला. शेवटी योग्य मापाची मिळाली. तिला खाली रबरी घेर होता आणि पोटाखालून आवळावयाचे दोन पट्टे होते.

खोळ आली, आता मोटार ठेवावी कोठे? आंजर्ल्यात जागा पाहताना प्रथम वर पाहावे लागते. जगातील कोणत्याही खोळीच्या जाहिरातीत ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा या सर्वांचा उल्लेख असतो, नारळाचा नसतो. साठ फुटांवरून सुटलेल्या नारळापुढे चार पदरांचे काय चालणार! म्हणून माडांच्या पल्ल्याबाहेरची, नैर्ऋत्येचा वारा घराच्या भिंतीने अडेल अशी मागीलदारची पूर्वेकडील जागा मुक्रर झाली.

आमच्या आगरात शिंपणे करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांस भाऊ म्हणतो. त्यांनी खोळ बोटांनी चाचपून पाहिली आणि ते म्हणाले, "चांगली आहे. पण अंगाला चिकटते. पावसाळ्यात अंगाला चिकटलेले काही चांगले नाही." मग त्यांनी इरल्याचा दाखला दिला. भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते इरले: बांबूच्या कामट्यांची चौकट, आत पाने. ते पाठ झाकते, पण पाठीला चिकटत नाही. पुढून आणि खालून मोकळे असते. त्याखाली वाकून माणूस दिवसभर चिखलात राबला तरी पाठ कोरडी राहते आणि घामही सुकतो. पावसाळ्यात ओढून वर घेतलेल्या होड्याही पूर्वी नारळाच्या झावळांची झापे विणून अशाच शाकारीत, आणि घराच्या भिंतींना झड लागू नये म्हणून पडवीला झापांचाच आडोसा करीत. आता बहुतेक ठिकाणी त्यांची जागा निळ्या प्लास्टिकने घेतली आहे. आम्हांस भाऊंचे म्हणणे पटले. अण्णांना ते आधीच पटलेले होते. दोन दिवसांत मोटारीवर बांबूंचा उतरता मांडव उभा राहिला, त्यावर झापे चढली, आणि मांडव व खोळ यांच्यामध्ये हातभर मोकळी हवा राहिली. पावसाचा मार झापांनी खावा, उरलासुरला शिंतोडा खोळीने अडवावा आणि वारा मधून खेळावा, अशी योजना. आमच्या मंडळींनी तिचे नाव ठेवले मोटारीचे इरले.

झाकण्यापूर्वीची तयारी अण्णांनी स्वतः केली. विहिरीच्या गोड्या पाण्याने मोटार वरून आणि विशेषेकरून खालून धुतली. मीठ अंगावर ठेवून झाकणे म्हणजे चोर आत ठेवून कडी लावणे होय. कारण हवेतील आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून ओले होते, आणि पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर ती याहून खाली क्वचितच येते. मग दोन दिवस दारे उघडी टाकून ऊन दिले. चाकांत हवा जरा जास्त भरली. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरावयाचे नाही. हातब्रेक सोडला, तो चार महिने ओढून ठेवला तर जागीच धरून बसतो. त्याऐवजी चाकांना पुढून-मागून चिरे लावले. धुराच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून फडक्याचा बोळा कोंबला, आणि तो काढण्याची आठवण राहावी म्हणून किल्लीला तांबड्या कापडाची चिंधी बांधली.

शेवटी बॅटरी राहिली. आम्ही शक्य तितक्या सहज स्वरात म्हणालो, "अण्णा, ही मी पुण्याला नेतो. तिथे चार्ज करून ठेवता येईल." अण्णा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पान्यांच्या पिशवीतून दहा नंबरचा पाना काढून आमच्या हाती दिला आणि "ऋण बाजू आधी सोड," एवढेच म्हणाले. बॅटरी हातात घेऊन अंगण ओलांडताना ती आम्हांस तिच्या वजनाहून जड वाटली.

मृग लागला आणि आम्ही पुण्यास परतलो. दर रविवारी फोन होई. अण्णा पावसाचे मान सांगत, खाडीला उधाण केव्हा आले ते सांगत, आणि न विचारता मोटारीचे वर्तमान सांगत. "सोमवारी तीन तास उघडीप मिळाली, खोळ काढून वाळत घातली." "परवा दारे उघडली; आत वास नाही." "आठ दिवस सारखी झड आहे, उघडता आली नाही. आज काच पुसून घेतली." हे ऐकून आम्हांस बरे वाटण्याऐवजी अवघडल्यासारखे होई. ज्या वस्तूपासून त्यांस हळूहळू तोडावे म्हणून आम्ही हा खटाटोप केला, तिच्याभोवती त्यांचा सारा पावसाळा फिरत होता. बहीण म्हणाली, "बघ, दसऱ्याला मागणारच बॅटरी." आम्ही आणखी एखादी युक्ती योजून ठेवण्याचे ठरविले.

गणपतीला आम्ही सहकुटुंब आंजर्ल्यास गेलो. ओटीवर पाऊल टाकताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे लक्ष गेले. दुधाच्या आणि एस.टी.च्या नोंदींच्या मधून काही तारखांना बारीक अक्षरात लिहिलेले होते: "खोळ, २ तास", "खोळ, अर्धा तास, सर आली". जून ते भाद्रपदापर्यंत अशा एकवीस नोंदी आम्ही मोजल्या. मागीलदारी जाऊन खोळ काढली. आत मोटार कोरडी, गाद्या स्वच्छ, पत्र्यावर तांबेऱ्याचा ठिपका नाही. चैत्रातला तो ओरखडासुद्धा कोणीतरी रंग लावून बुजविला होता. उलट शेजारच्या एका घरी निळ्या प्लास्टिकमध्ये गच्च बांधून ठेवलेली स्कूटर त्याच दिवशी उघडली होती. तिच्या बैठकीवर बोटभर बुरशी होती. आम्ही अण्णांस म्हणालो, "खोळ चांगली निघाली हो."

अण्णा म्हणाले, "खोळीचे काय! फाल्गुनात किनाऱ्यावर कासवांची अंडी वाळूत पुरून कुंपणात ठेवतात, पाहिली आहेस ना? वर टोपल्या घालतात. पण सकाळ-संध्याकाळ कोणीतरी जाऊन टोपली उचलून बघतो, म्हणून पिल्ले वेळेवर पाण्याला लागतात. नुसती टोपली घालून निघून गेले तर काय उपयोग?" मग जरा थांबून म्हणाले, "झाकायला कोणी पण झाकते. उघडून बघायला माणूस लागतो."

हे ते मोटारीविषयी बोलत होते की आणखी कशाविषयी, हे आम्हांस कळेना. आम्ही गप्प राहिलो. तेव्हा त्यांनीच विषय काढला. "बॅटरी आणली आहेस का?"

आम्ही तयार ठेवलेली सबब सांगण्यास तोंड उघडले. पण अण्णांनी हातानेच थांबविले. "मला चालवायला नको आहे. त्या दिवशी गडगा मला दिसला नाही, हे तुम्हांला कळले. पण ते पोर मला दिसलेच नव्हते, हे तुम्हांला माहीत नाही. मी फक्त घंटी ऐकली. घरी आलो, किल्ली देवाजवळ ठेवली, आणि त्या दिवसापासून दापोलीला एस.टी.ने जातो. मे महिन्यात तू पंधरा दिवस इथे होतास. बाजाराला जाताना गाडी तू चालवलीस, मी शेजारी बसलो होतो. तुझ्या ध्यानात आले नाही?"

खरोखरच आले नव्हते. आयुष्यात प्रथमच ते डाव्या बाजूस बसले होते आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत दुकानदाराशी ताडपत्रीचा भाव करीत होतो. दिनदर्शिकेवर एस.टी.च्या नोंदी होत्या, त्याही आम्ही ओलांडून पुढे गेलो होतो. ज्या माणसास आम्ही जपावयास निघालो होतो, त्याच्याकडे पाहावयाचेच आम्ही विसरलो होतो.

"मग अण्णा, पावसाळाभर एवढी मेहनत कशासाठी केलीत?" आम्ही विचारले.

"गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची तर कोरडी द्यावी," अण्णा म्हणाले. "भाऊंचा नातू गाडी चालवायला शिकला आहे. परवाना मिळाला त्याला. हिचे कागद २०२९ पर्यंत चालू आहेत. त्याला दिली तर रात्री कोणाला दापोलीला न्यायचे झाले तर गावात एक गाडी राहील. तुमची हरकत नसेल तर." आणि मग अगदी सहज, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे, म्हणाले, "विचारले असतेत तर बॅटरी मीच काढून दिली असती. पाना कितीचा लागतो ते तुला तरी कोठे ठाऊक होते!"

या शेवटच्या वाक्यावर ते हसले, म्हणून आम्हीही हसलो. परंतु ते हसणे आमच्या घशाखाली उतरण्यास वेळ लागला. त्यांनी आम्हांस रागे भरले असते तर सोपे होते. आमच्या युक्तीने त्यांचे नुकसान काहीच झाले नाही. कारण जे आम्ही त्यांच्याकडून काढून घेणार होतो, ते त्यांनी आधीच ठेवून दिले होते. नुकसान एवढेच झाले की, तो निर्णय त्यांनी एकट्याने घेतला आणि चार महिने एकट्यानेच सांभाळला. दर रविवारी फोनवर ते मोटारीच्या उघडिपी सांगत होते. आमच्यापैकी एकाने जरी म्हटले असते की, "अण्णा, त्या दिवशी भीती वाटली का हो?" तरी तो भार निम्मा झाला असता. आम्ही विचारले नाही, कारण त्यांस वाईट वाटू नये अशी आमची इच्छा होती. निदान आम्ही स्वतःला तसे सांगत होतो. खरे पाहता वाईट आम्हांस वाटले असते, आणि ते टाळण्यासाठी आम्ही त्यांच्यावर ती निळी ताडपत्री घातली होती, जिच्यातून थेंब आत जात नाही आणि आतला बाहेर येत नाही.

वृद्ध माणसांशी आपण असे पुष्कळदा वागतो. आजाराचे नाव त्यांच्यापासून लपवितो, पैशाची अडचण लपवितो, कोणी वारले तर चार दिवस ते सांगत नाही; आणि यालाच जपणे म्हणतो. पण आत ओल धरतेच; ती त्यांची त्यांना कळत असते. झाकावे लागत नाही असे नाही. पाऊस पाऊसच आहे, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना तिन्हीसांजेचा गडगा दिसत नाही हेही खरेच आहे. परंतु झाकणाऱ्याने अंगास चिकटेल असे झाकू नये, आणि उघडीप मिळताच उघडून पाहावे, एवढे इरले विणणाऱ्यांस केव्हापासून ठाऊक आहे. आम्हांस ते समजावयास एक पावसाळा लागला.

बॅटरी आम्ही आणलेली नव्हती. गौरी-विसर्जनानंतर दापोलीहून नवीच आणली आणि दहा नंबरच्या पान्याने ती अण्णांच्या देखरेखीखाली बसविली. या खेपेस धन बाजू आधी. तांबडी चिंधी पाहून नळीतला बोळा आठवणीने काढला. भाऊंचा नातू चालविण्यास बसला, अण्णा त्याच्या शेजारी, आणि आम्ही मागे. कड्यावरच्या गणपतीस गाडीने वरपर्यंत जाता येते. चढ लागला तेव्हा पोराने गिअर बदलण्यास थोडा उशीर केला आणि मोटार कुरकुरली. आमच्या तोंडून सूचना निघणार होती. परंतु अण्णा काही बोलले नाहीत, म्हणून आम्हीही बोललो नाही. वर पोहोचल्यावर समुद्र दिसला आणि दूर सुवर्णदुर्ग. अण्णांनी आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि पोरास विचारले, "उतरताना कितव्या गिअरमध्ये ठेवशील?"

"दुसऱ्या, मास्तर."

"बरे," अण्णा म्हणाले, आणि दर्शनास निघाले.